तारीख एक, दिवस वेगळे : परिपाठाच्या दिनविशेषातला घोळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या ताई रोज परिपाठाआधी फळ्यावर दिनविशेष लिहितात. मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, त्यातला निवडून उतरवतात. १७ सप्टेंबरला त्यांनी ‘हैदराबादच्या फौजेची शरणागती’ असं लिहिलं, तर एका पालकांनी ती १८ तारखेची असल्याचं सांगितलं. शिवराज्याभिषेकाची तिथी एकीकडे ज्येष्ठ शुद्ध द्वादशी मिळते, दुसरीकडे त्रयोदशी. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख दोन पुस्तकांत दोन वेगळ्या. मग खरी तारीख कोणती मानायची, आणि एका दिवसाच्या वीस-पंचवीस नोंदींतून फळ्यावर कोणत्या घ्यायच्या?

ताई, तुम्ही दिलेल्या तिन्ही उदाहरणांत दोन्ही बाजू बरोबर आहेत. चूक तारखेत नाही, नोंद अर्धी आहे. नुसतं ‘गांधी चौकात या’ म्हटलं की माणूस लातूरच्या चौकात जाईल की नांदेडच्या, याचा नेम नसतो. तारखेचंही तसंच आहे. कोणती कालगणना, कुठलं घड्याळ आणि नेमकं काय घडलं, एवढं सोबत असल्याशिवाय ती तारीख पुरी होत नाही.

आधी एक बाजूला काढून ठेवू. शासनाने ज्या जयंत्या आणि दिवस ठरवून दिले आहेत, ते शाळेने त्या तारखेलाच करायचे. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, यात शाळेच्या पातळीवर वाद घालण्यासारखं काही नाही. आपला प्रश्न फळ्यावरच्या ओळीचा आहे. ती किती खोलात न्यायची हे वर्ग पाहून ठरतं. तिसरीच्या लेकरांना ज्युलियन-ग्रेगोरियन, म्हणजे जुनी आणि आजची इंग्रजी कालगणना, सांगत बसू नका, सातवी-आठवीच्या मुलांना मात्र हा घोळच सगळ्यात जास्त आवडतो.

आता १७ सप्टेंबर घ्या. भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या १३ सप्टेंबर १९४८ रोजी. १७ तारखेला, शुक्रवारी, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. संस्थानच्या फौजेचे प्रमुख एल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली ती १८ तारखेला. म्हणजे पालकांचं बरोबर आहे, आणि मुक्तिसंग्राम दिन १७ ला होतो तेही बरोबर आहे. फळ्यावर ‘निजामाने युद्धबंदी जाहीर केली’ असं लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता.

तारीख विषयाला लागत नाही, क्रियापदाला लागते. ‘भारतीय राज्यघटना’ या विषयाला तारीख नाही. ती स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला आणि अमलात आली २६ जानेवारी १९५० ला. आपल्या विद्यापीठाचंही पाहा : मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं २३ ऑगस्ट १९५८ ला, नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. व्हॉट्सॲपवरच्या याद्यांत क्रियापद गाळलेलं असतं. ‘१९५८ : मराठवाडा विद्यापीठ’ एवढंच. अशी ओळ आली की आधी क्रियापद शोधा, ते सापडलं नाही तर ओळ घेऊ नका.

औरंगजेबाचं कोडं वेगळ्या जातीचं आहे. तो अहमदनगरला वारला आणि खुलताबादला पुरला गेला. एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७, दुसऱ्यात ३ मार्च १७०७. बोटं मोजून पाहा, फरक बरोबर ११ दिवसांचा. पहिली तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली, दुसरी आजच्या ग्रेगोरियन. दिवस एकच. नांदेडला गुरू गोविंदसिंहजी ज्योतिज्योत समावले त्या दिवसाच्याही ७ ऑक्टोबर आणि १८ ऑक्टोबर १७०८ अशा दोन तारखा मिळतात. पुन्हा ११.

हा फरक आला कुठून, तर ज्युलियन वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं होतं. शतकांमागून शतकं ते साचत गेलं. रोमच्या पोपने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर केला. पोर्तुगिजांनी ते लगेच मानलं, इंग्रजांनी मानलं १७५२ मध्ये. तिकडे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. त्यामुळे शिवकाळातल्या एकाच घटनेची गोव्याच्या पोर्तुगीज कागदातली तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतली तारीख यांत १० दिवसांचं अंतर पडतं. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे : १५८२ पासून फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस, तिथून फेब्रुवारी १८०० पर्यंत ११. रशियाने तर १९१८ पर्यंत जुनी गणना सोडली नाही, तोवर फरक १३ वर गेला होता. ‘ऑक्टोबर क्रांती’ची तारीख ७ नोव्हेंबर येते ती म्हणूनच.

इंग्रजी कागदांत आणखी एक खोच आहे. १७५२ पूर्वी तिकडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून जानेवारी १६६४ मधली सुरतेची पहिली लूट त्यांच्या कागदांत १६६३ सालाखाली दिसते. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या २४ दिवसांतली घटना एका वर्षाने मागेपुढे दिसली की पहिला संशय इथे घ्यायचा.

मराठ्यांच्या इतिहासाची पुस्तकं शिवकाळासाठी बहुधा ज्युलियन तारखाच देतात. १९ फेब्रुवारी १६३० ही तशीच आहे. हे वर्गात दाखवता येतं. जे कॅलेंडर तेवढं मागे जातं ते मोबाइलवर उघडा आणि १९ फेब्रुवारी १६३० पाहा. वार मंगळवार दिसेल. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींच्या जुन्या कागदात, मात्र शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. आता त्याच कॅलेंडरात १० दिवस पुढे, १ मार्च १६३० वर जा. शुक्रवार. मोबाइल आजची गणना मागे ओढत नेतो, त्यामुळे तो मंगळवार सांगतो, शकावली चुकलेली नाही. जुन्या नोंदीत वार दिलेला असेल तर तो सोडू नका. तारीख लिहिताना हात चुकतो, तिथीची गल्लत होते, पण तारीख आणि वार दोन्ही योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक. तपासणीसाठी यापेक्षा स्वस्त साधन नाही.

राज्याभिषेकाच्या द्वादशी-त्रयोदशीचा उलगडा दिवस कधी बदलतो यात आहे. शकावलीतली नोंद शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरलेली, अशी आहे. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी होती. उजाडायला सहा धरले तर पहाटे पावणेपाचच्या आसपास. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून लिहिणाऱ्याच्या हिशेबाने अजून शुक्रवारच होता. आपण मध्यरात्रीला दिवस बदलतो, म्हणून आपल्या लेखी शनिवार, ६ जून १६७४, आणि त्या शनिवारची सूर्योदयाची तिथी त्रयोदशी. हिजरी तारीख तर सूर्यास्तालाच बदलते. रात्रीची कोणतीही घटना असली की तिन्ही पद्धतींचा विचार करावा लागतो.

हे सगळं चारशे वर्षांपूर्वीचं वाटत असेल तर किल्लारी पाहा. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावोगावी विसर्जन करून दमूनभागून माणसं झोपलेली. आपल्या घड्याळाने गुरुवार लागला होता, पंचांगाने अजून बुधवारच. जगभरचे भूकंपमापक मात्र जागतिक प्रमाणवेळ धरतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे त्यांच्या याद्यांत हाच भूकंप २९ सप्टेंबर, रात्री १० वाजून २५ मिनिटे असा आहे. इंग्रजी संकेतस्थळावरून ‘२९ सप्टेंबर : लातूर भूकंप’ अशी ओळ उतरून आली तर ती भाषांतर करणाऱ्याची चूक नसते, घड्याळ बदलायचं राहिलेलं असतं. औसा किंवा उमरगा तालुक्यातल्या शाळेत अशी ओळ फळ्यावर गेली तर काय होईल, ते सांगायला नको. नियम साधा : घटना जिथे घडली तिथल्या घड्याळाची तारीख लिहायची. माणसाला घेऊन यान चंद्रावर पहिल्यांदा उतरलं ती तारीख जगाच्या पुस्तकात २० जुलै १९६९ आहे, तेव्हा भारतात २१ तारखेची मध्यरात्र उलटून पावणेदोन झाले होते. चंद्रावर कुणाचंच घड्याळ नाही, तिथे रूढ २० जुलै ठेवा आणि मुलांना तोंडी सांगा.

तिथीवरून तारीख काढायची वेळ आली तर शकात ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे इंग्रजी वर्ष उलटल्यानंतर, ७९. फाल्गुन १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०, ज्येष्ठ १५९६ अधिक ७८ म्हणजे १६७४. यातून फक्त साल मिळतं. दिवस काढायला जुनं पंचांग किंवा जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ दाखवणारं कोष्टक, हवंच, अंदाजाने काढू नका. आणि स्रोत उत्तरेकडचा असेल तर वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आपला फाल्गुन वद्य म्हणजे त्यांचा चैत्र कृष्ण. तिथी तीच, महिना मात्र एकाने पुढचा दिसतो.

आपल्या भागाला आणखी एक काटा आहे, फसलीचा. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनात लिहिले जात. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होई. आजूरपासून डिसेंबरअखेर फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. गावच्या शाळेची स्थापना किंवा जुन्या विश्वस्ताची नोंद शोधताना हे कामाला येतं. सरसकट ५९० मिळवलं की वर्षातले नऊ महिने चुकतात, आणि ही चूक शाळांच्या स्मरणिकांत सर्रास दिसते.

गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांची जन्मतारीख १ जून अशी मिळाली तर जरा थांबा. ती बहुधा गुरुजींनी दिलेली असते. नाव घालताना वय अंदाजे, तारीख शाळा उघडायच्या महिन्याची. अशा वेळी फक्त साल लिहा, तेही ‘सुमारे’ लावून. ज्या घटनेचं सालच माहीत आहे तिला दिवस चिकटवू नका. तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली ती १३२७ मध्ये, एवढंच. तिला ‘आजच्या दिवशी’ देणारा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका, आणि त्या यादीतल्या बाकीच्या ओळीही संशयाने वाचा.

संतांच्या बाबतीत मात्र उलट करा. पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला, जांबच्या समर्थांचा जन्म रामनवमीचा. हे दिवस तिथीनेच लोकांच्या अंगवळणी पडले आहेत. त्यांची इंग्रजी तारीख काढून दरवर्षी तीच लिहिली तर गावात पालखी एका दिवशी आणि फळ्यावर नाव दुसऱ्या दिवशी असं होतं. यांची वेगळी चार-पाच कार्डं करा आणि गुढीपाडव्याला नवं पंचांग आलं की त्या वर्षीच्या तारखेला सरकवा.

एकाच तारखेला अनेक गोष्टी घडल्या की मुलं विचारतात, हा योगायोग का? तिथे तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकवा. पहिली, खरा योगायोग. अब्राहम लिंकन आणि चार्ल्स डार्विन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मले, दोन्ही देशांत तोवर एकच कालगणना होती, म्हणून तो खरोखर एकच दिवस. दुसरी, दिसायला योगायोग. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस २३ एप्रिल १६१६ ला गेले असं छापलेलं असतं. इंग्लंडची तारीख जुनी, स्पेनची नवी, म्हणजे मधे १० दिवस. शिवाय सर्व्हान्तेस २२ ला वारला, २३ ला त्याचं दफन झालं. तारीख जुळली, दिवस जुळला नाही. तिसरी, मुद्दाम निवडलेली तारीख. १९३० मध्ये २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला, म्हणून राज्यघटना त्या दिवशी अमलात आणली. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं, मग जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला आणि हिंगोली १ मे १९९९ ला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं, ते तर उघडच आहे. माझ्या मते मुलांना सर्वांत जास्त शिकवणारा प्रकार हा तिसरा आहे, कारण तिथे ‘का निवडली’ असा प्रश्न विचारता येतो.

लोकांच्या तोंडी बसलेले काही जोड चुकीचेही असतात. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. ही तारीख ग्रेगोरियनच आहे, तिला हात लावू नका. पण ‘संक्रांतीच्या दिवशी पानिपत’ असं लिहू नका. संक्रांत साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्या काळी ती १० जानेवारीच्या आसपास पडायची.

आता निवड. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार यांतून दिनविशेषाला मिनिटभर मिळतं. चार ओळी पुरतात, पाचवी मुलं ऐकत नाहीत. मी चारांत एक मराठवाड्याची, एक महाराष्ट्राची किंवा देशाची, एक जगाची आणि एक विज्ञान-कलेची अशी विभागणी सुचवेन. मराठवाड्याची रोज मिळणार नाही, ओढूनताणून आणू नका. जयंत्या-पुण्यतिथ्या दोनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर फळा स्मशानातल्या पाटीसारखा दिसतो. १७ सप्टेंबरचा फळा असा होईल :

१७८७ : अमेरिकेच्या राज्यघटनेवर फिलाडेल्फियात सह्या झाल्या.
१८८५ : प्रबोधनकार ठाकरे यांचा पनवेल येथे जन्म झाला.
१९१५ : चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा पंढरपूर येथे जन्म झाला.
१९४८ : निजामाने युद्धबंदी जाहीर केली, हैदराबादच्या फौजेची शरणागती दुसऱ्या दिवशी.

प्रत्येक ओळीत साल, क्रियापद आणि जमेल तिथे गाव आहे. गावाचं नाव तेव्हाचं लिहा आणि आजचं तोंडी सांगा. ‘१९८२ : लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला’ हेच बरोबर, तेव्हा धाराशिव हे नाव सरकारी कागदावर नव्हतं. हे १६ ऑगस्टच्या फळ्याला उपयोगी पडेल.

रोज रात्री मोबाइल चाळण्यापेक्षा एकदाच कार्डं करा. ए-फोर आकाराचे जाड कार्डशीट चौघडी कापायचे. ९२ शीटमध्ये ३६८ कार्डं होतात, ३६६ तारखांना आणि दोन खराब व्हायला. बुटाच्या खोक्यात उभी लावायची. कार्डावर साल, घटना, ठिकाण, कालगणना आणि नोंद कुठून घेतली ते. आधी पेन्सिलने. दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी तीच तारीख मिळाली की पेनाने गिरवायची. स्वतंत्र म्हणजे काय, हे नीट पाहा. दोन संदेशांत नावाची तीच अशुद्ध जोडणी किंवा तोच गाळलेला शब्द असेल तर ते दोन नाहीत, एकाचीच नक्कल आहे. वर्षभरात निम्मी कार्डं पेनाची झाली तरी खूप झालं. पेन्सिलीची कार्डं फळ्यावर लावू नका, त्या दिवशी तीनच ओळी लिहा.

३६६ वं कार्ड २९ फेब्रुवारीचं. ते २८ ला किंवा १ मार्चला वाचायचं नाही, लीप वर्षाची वाट पाहायची. त्यावर मोरारजी देसाई लिहा, जन्म १८९६. खाली वर्गासाठी एक प्रश्न : त्यांचा पहिला खरा वाढदिवस कधी आला? मुलं पटकन १९०० म्हणतील. ४०० ने भाग न जाणारं शतकवर्ष ग्रेगोरियन गणनेत लीप नसतं, म्हणून १९०० ला २९ फेब्रुवारी नव्हताच. तो १९०४ मध्ये आला, आठव्या वर्षी. १७०० मध्ये फरक १० चा ११ झाला तो याच नियमामुळे.